ड्रॉवरमधला आयफोन ७ जेलब्रेक करायचाय? मग आधी हे वाचा

महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, तू तुझा फोन जेलब्रेक केलायस ना, माझा पण करून दे की. मी एकच उलटा प्रश्न विचारतो, ह्या फोनवर गुगल पे आहे का? हो म्हणाला की विषय संपला. रोजच्या वापरातला, बँकेचं ॲप असलेला, ऑफिसचा मेल येणारा फोन जेलब्रेक करायचा नाही, माझ्यापुरतं ह्यात दुसरं मत नाहीच. पण ड्रॉवरमधे चार्जरच्या गुंत्यात एखादा जुना आयफोन पडून असेल तर गोष्ट वेगळी, खरी मजा तिथेच आहे. हे सगळं मी आयफोन ७ धरून लिहितोय कारण माझ्याकडे तोच आहे आणि ह्या कामाला तो अगदी बरा पडतो, का ते पुढे येईलच.

आयफोनवर ॲपलने सही केलेलं सॉफ्टवेअरच चालतं, शिवाय प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कडी लावून बसलेलं, शेजारी डोकवायचं नाही आणि सिस्टिमच्या फायलींना तर हातच लावायचा नाही. जेलब्रेक म्हणजे आयओएसमधली एखादी फट शोधून ह्या कड्या काढायच्या आणि रूटचे हक्क, म्हणजे सिस्टिमवरचा पूर्ण ताबा, स्वतःकडे घ्यायचे. अँड्रॉइडवाले ज्याला रूट करणं म्हणतात त्याचाच हा चुलतभाऊ. पण लोक ह्यात दोन भलत्याच गोष्टी मिसळतात. एक म्हणजे सिमचं नेटवर्क लॉक, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. दुसरं म्हणजे आयक्लाउड लॉक, म्हणजे मूळ मालकाच्या ॲपल अकाउंटने लागलेलं कुलूप. कोणी दोन हजारात आयक्लाउड लॉकवाला फोन देतोय आणि वर "जेलब्रेक करून उघडून देतो" म्हणतोय तर तो फोन बहुतेक चोरीचा नाहीतर कोणाचा तरी हरवलेला असतो, घेऊ नका.

आता हे करायचं तरी कशाला? पूर्वी उत्तर सोपं होतं. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यात ॲप स्टोअरच नव्हतं, लोकांनी काही आठवड्यांतच फोन फोडला, आणि जे फ्रीमन नावाच्या प्रोग्रॅमरचं सिडिया (जेलब्रेक केलेल्या फोनसाठीचं ॲपचं दुकान) २००८ च्या फेब्रुवारीत आलं म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या दुकानाआधी पाचएक महिने. कॉपी पेस्टसुद्धा आयफोनवर २००९ मधे आलं, बाहेरचे कीबोर्ड २०१४ मधे. जेलब्रेकवाल्यांकडे आधी आलं आणि मग ॲपलने दिलं अशा गोष्टींची यादी इतकी मोठी आहे की आता जेलब्रेकचं कारणच उरत नाही असं बरेच जण म्हणतात, आणि नव्या फोनपुरतं ते बरोबरच आहे. डायल पॅडवर आकडे दाबून नाव शोधणं, आयकॉन हवा तिथे ठेवणं, हे २०२४ च्या आयओएस १८ मधे आलं, कॉल रेकॉर्डिंग १८.१ मधे.

पण आयफोन ७ आयओएस १५ वर थांबलाय, त्याला ह्यातलं काही मिळणार नाही. तिथे जेलब्रेकने फोनला दुसरा जन्म मिळतो. माझा फोन किचनच्या शेल्फवर चोवीस तास चार्जरला असतो, त्यात ८० टक्क्यांना चार्जिंग तोडणारा ट्वीक टाकलाय (ट्वीक म्हणजे सिस्टिमचं वागणं बदलणारं छोटं पॅकेज), होस्ट्स फाइलमधून (कुठला पत्ता कुठे न्यायचा ह्याची फोनमधली यादी) जाहिराती बंद केल्यात, आणि लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या मशिनमधे दुरून लॉगिन करायची सोय)  आत जाऊन फाइली टाकता येतात. आमच्या आईसाठी स्क्रीनवरचे आकडे फार मोठे केलेत, लांबून दिसतात तिला. कॉल रेकॉर्ड करणारे ट्वीक पण आहेत, वापरलात तर समोरच्याला सांगून वापरा. सिस्टिम आतून कशी चालते हे शिकायचं असेल तर ह्याच्याइतकी स्वस्त शाळा नाही.

आयफोन ७ च का? २०१९ च्या सप्टेंबरमधे ॲक्सिओमएक्स ह्या नावाने वावरणाऱ्या संशोधकाने चेकमेट नावाची फट जाहीर केली (स्पेलिंगच्या शेवटी आठचा आकडा). ही फट बूटरॉममधे आहे, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जो कोड चालतो त्यात, आणि तो कोड कारखान्यातच चिपमधे कोरलेला असतो, अपडेट पाठवून बदलता येत नाही. आयफोन ४एस पासून आयफोन एक्स पर्यंत सगळे ह्यात सापडले, एक्सएस पासून पुढचे सुटले. आता आयफोन ८ आणि एक्स मधे गोम अशी की जेलब्रेक असेपर्यंत पासकोड, टच आयडी, फेस आयडी सगळं बंद ठेवावं लागतं, आणि आयओएस १६ वर एकदा जरी पासकोड लावला असेल तर आधी फोन पूर्ण पुसावा लागतो. पासकोड नसलेला फोन म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाण्यासारखं. ७ मधे ही भानगड नाही.

धोक्यांचं बोलू. लोक विचारतात फोन डबा होईल का. चेकमेटवाल्या फोनचा कायमचा डबा होणं अवघड आहे, अगदी अडकला तरी कॉम्प्युटरला लावून रीस्टोअर करता येतो, डेटा मात्र जातो. खरी भीती वेगळीच आहे, ती म्हणजे आपण काढलेल्या कड्या दुसऱ्यालाही उघड्याच मिळतात. २००९ मधे ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने आयकी नावाचा वर्म (एका फोनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा व्हायरस) सोडला होता, जेलब्रेक करून एसएसएच टाकलेले पण पासवर्ड न बदललेले आयफोन तो शोधायचा, आणि सगळ्या आयफोनचा रूट पासवर्ड तेव्हा एकच होता, अल्पाइन. त्याने नुसता वॉलपेपर बदलून गायक रिक ॲस्टलीचा फोटो लावला म्हणून लोक हसले, पण लगेचच त्याच वाटेने बँकेची माहिती चोरणारा दुसरा वर्म आला. २०१५ मधे कीरेडर नावाचा व्हायरस आला, तो सिडियाच्या चिनी रिपॉझिटरीमधल्या (ट्वीक ठेवायचं ऑनलाइन कोठार) ट्वीकमधून पसरला आणि २,२५,००० पेक्षा जास्त ॲपल अकाउंटचे पासवर्ड घेऊन गेला. आणि २०१६ चं पेगॅसस प्रकरण आठवा, अमिरातीतले कार्यकर्ते अहमद मन्सूर ह्यांना मेसेजमधे लिंक आली होती, त्यांनी ती दाबली नाही, सिटिझन लॅब ह्या संशोधन संस्थेकडे पाठवली, म्हणून कळलं की ती दाबली असती तर फोन गुपचूप जेलब्रेक होऊन हेरगिरीचं सॉफ्टवेअर बसलं असतं. म्हणजे आपण हौसेने जी फट वापरतो तसलीच फट दुसरा कोणी आपल्यावर वापरू शकतो.

बाकी किरकोळ वाटणारे पण रोज टोचणारे त्रास. बहुतेक बँकांची आणि यूपीआयची ॲप जेलब्रेक ओळखतात आणि उघडतच नाहीत, लपवणारे ट्वीक मिळतात पण तो उंदीरमांजराचा खेळ आहे, पैशाच्या बाबतीत खेळूच नये. ॲपल सर्व्हिस नाकारू शकते, तसं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत २०१० पासून फोन जेलब्रेक करायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, आपल्याकडे २०१२ साली आलेलं ६५ अ कलम कॉपीराइटचा हक्क मोडायच्या हेतूने कुलूप तोडण्याबद्दल आहे, तेव्हा चोरीची ॲप टाकायला जेलब्रेक करत असाल तर माझी मदत मागू नका.

आणि हो, "कॉम्प्युटर नको, एका क्लिकवर कुठलाही आयफोन जेलब्रेक" अशा साइट दिसल्या की पळा. हिरवी पट्टी सरकते, ९९ टक्क्यांवर थांबते आणि मग म्हणते दोन ॲप डाउनलोड करा आणि सर्व्हे भरा. काही होत नाही, तुमचा नंबर मात्र जातो.

आता काम. आधी सेटिंग्ज, जनरल, अबाउट मधे मॉडेल आणि व्हर्जन बघा. मग कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या आणि एन्क्रिप्टवाल्या चौकोनात टिक करा, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा बॅकअपमधे येत नाही. टूलचं नाव पेलरेन (स्पेलिंगमधे आयच्या जागी एकचा आकडा, ह्या लोकांना आकड्यांचं वेड आहे), ते मॅक आणि लिनक्सवर चालतं. विंडोजवाल्यांनी पेलनिक्स नावाचं छोटंसं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून कॉम्प्युटर बूट करायचा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर उत्तम, एएमडीवर हे प्रकरण फार वेळा अडकतं. टूल त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, कोणीतरी टेलिग्रामवर टाकलेली फाइल नको.

आणि केबल! चपटी, जुनी, मोठ्या तोंडाची यूएसबी ए वाली केबल घ्या. मी पहिल्यांदा सी टाइप केबलने बसलो होतो, रात्री साडेदहाला सुरुवात केली, दहा बारा वेळा बटणं दाबून अंगठा दुखायला लागला, फोन प्रत्येक वेळी सफरचंद दाखवून नेहमीसारखा चालू, मला वाटलं बटणंच गेली. पावणेएकला जुन्या आयपॅडच्या डब्यातली केबल काढली आणि पहिल्या फटक्यात झालं. मॅकला सी टाइपच पोर्ट असतील तर मधे एखादा हब लावा.

टर्मिनलमधे (कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) टूलचं नाव, स्पेस, डॅश आणि स्मॉल एल, म्हणजे रूटलेस पद्धत. आयओएस १५ पासून सिस्टिमचा भाग सीलबंद असतो, रूटलेसमधे त्याला न उचकटता सगळं बाजूच्या फोल्डरमधे बसतं, नवख्यांनी हेच करावं. फोन आपोआप रिकव्हरीत जातो, स्क्रीनवर केबलचं चित्र येतं. एंटर दाबलं की मोजणी सुरू होते, पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन दोन्ही ४ सेकंद धरायचे, मग पॉवर सोडायचं पण व्हॉल्यूम डाउन आणखी १० सेकंद धरून ठेवायचं. (७ चं होम बटण खरं दाबलं जात नाही, नुसतं थरथरतं, म्हणून व्हॉल्यूमचं. ६एस ला होमच लागतं.) स्क्रीन पूर्ण काळी राहिली तर जमलं, सफरचंद आलं तर पुन्हा पहिल्यापासून. मधेच अडकलं तर घाबरू नका, पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन धरून फोन रीस्टार्ट करा आणि परत चालवा.

फोन चालू झाला की होम स्क्रीनवर लोडर ॲप दिसेल, ते उघडून सिलिओ टाका, हे आजचं सिडिया समजा. इथे पासवर्ड विचारतो, आयकीची गोष्ट आठवून नीट काहीतरी द्या, १२३४ नको. मग ट्वीक, पण एका वेळी एकच टाका आणि रूटलेसवर चालतो असं लिहिलेलाच घ्या. मी हावरटासारखे एकदम पाच टाकले, होम स्क्रीन उघडझाप करत बसली, कुठल्याने बिघडवलं ते शोधण्यात रविवार गेला. असं झालं तर टूल डॅश आणि स्मॉल एस घालून चालवा, फोन सेफ मोडमधे येतो, तिथून नको ते काढा.

एक लक्षात ठेवा, फोन बंद होऊन चालू झाला की जेलब्रेक उतरतो, परत कॉम्प्युटरला लावून तेच सगळं करावं लागतं, डेटा आणि ट्वीक जागेवर असतात. म्हणून माझा शेल्फवरचा फोन लाइट गेली तरी बॅटरीवर तग धरून असतो.

कंटाळा आला किंवा फोन कोणाला द्यायचा असेल तर फाइंड माय बंद करा, आयक्लाउडमधून साइन आउट करा, मग कॉम्प्युटरला लावून पूर्ण रीस्टोअर. सेटिंग्जमधलं इरेज बटण जेलब्रेकवर वापरू नका. रीस्टोअरने फोन शेवटच्या आयओएसवर जातो, जुन्यावर परत येता येत नाही कारण ॲपल त्यावर सही करत नाही, पण ७ ला तो शेवटचा आयओएस १५ च आहे आणि चेकमेट तिथेही चालतं, तेव्हा पुढचा मालक हौशी निघाला तर त्यालाही करता येईल. केबल तेवढी त्याला सोबत द्या.