विषाणूचे कूळ कसे शोधावे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीची मुले संध्याकाळी शंका घेऊन येतात. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशी त्यांची ओढाताण होत असल्यामुळे विषाणूंचे प्रकरण बहुधा पाठांतरावर निभावले जाते, आणि अनोळखी नाव समोर आले की सारे अडते. पुढील रीत अशा वाचकांसाठी असून ती चांदीपुरा विषाणूवर करून दाखवली आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव मिळालेला हा विषाणू १९६५ मध्ये सापडला. गुजरातच्या पूर्व जिल्ह्यांत २००४ मध्ये त्याची साथ येऊन गेली, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तर वडोदऱ्यातही हे नाव घरोघरी ऐकू येत होते.

कोऱ्या कागदावर विषाणूचे नाव लिहावे, पण त्यापुढे रोगाचे नाव लिहू नये. मी स्वतः विद्यार्थिदशेत रोगांनुसार तक्ता तयार केला होता आणि तो संपूर्ण फाडावा लागला. काविळीचेच पाहावे. हिपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई हे पाचही विषाणू यकृतालाच धरतात, तरी त्यांची कुळे पाच वेगवेगळी आहेत, आणि त्यांतील बी तर डीएनए बाळगणारा आहे. रोगावरून शरीराचा कोणता भाग बाधित होतो एवढेच कळते.

त्यानंतर जीनोमकडे, म्हणजे विषाणूच्या संपूर्ण आनुवंशिक साहित्याकडे वळावे, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळ येथेच द्यावा. तो डीएनए आहे की आरएनए, एकपदरी की दुपदरी, सलग की तुकड्यांत, हे क्रमाने लिहावे. इन्फ्लुएंझा ए विषाणूत आरएनएचे ८ तुकडे असतात, रोटाव्हायरसमध्ये ११. एकाच पेशीत दोन वाणांचे इन्फ्लुएंझा शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून ही नोंद वरवरची समजू नये. जीनोम एकपदरी आरएनएचा असेल तर दिशाही नोंदवावी. पेशीतील प्रथिने घडवणारा रायबोसोम जो संदेशवाहक आरएनए थेट वाचतो त्याच्यासारखा पदर धन, आणि त्याला पूरक असलेला पदर ऋण मानला जातो.

आता कळीचा प्रश्न विचारावा: या जीनोमपासून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो? विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये याच प्रश्नावर विषाणूंचे सहा गट पाडले आणि सातवा पुढे जोडला गेला. देवीच्या विषाणूचा दुपदरी डीएनए पहिल्या गटात येतो, पार्व्होव्हायरसचा एकपदरी डीएनए दुसऱ्यात, रोटाव्हायरसचा दुपदरी आरएनए तिसऱ्यात. पोलिओ आणि डेंगी यांचा धन आरएनए चौथ्या गटातला असून पेशीत शिरताच रायबोसोम तो वाचू लागतात. पाचव्या गटातील ऋण आरएनए मात्र पेशीला तसाच्या तसा वाचता येत नाही, आणि आरएनएवरून आरएनए उतरवून घेणारे आवश्यक विकर (एन्झाइम) पेशी पुरवत नाही. म्हणून असा विषाणू ते विकर स्वतःच्या कणातच घेऊन येतो. एचआयव्ही धन आरएनए बाळगूनही चौथ्या गटात बसत नाही, कारण तो आधी आरएनएचा डीएनए करतो. त्याचा गट सहावा. सातवा गट हिपॅटायटिस बीचा, ज्याच्या डीएनएची प्रत आरएनएच्या वाटेने निघते.

चांदीपुराचा जीनोम सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतील कड्यांचा), एकपदरी, सलग आणि ऋण आहे, तेव्हा कागदावर पाचवा गट लिहावा. त्यात एन, पी, एम, जी आणि एल ही पाच जनुके याच क्रमाने येतात. विकर एका टोकाकडून वाचत निघते आणि प्रत्येक सांध्यावर काही वेळा सुटून जाते, त्यामुळे पहिल्या एन जनुकाच्या प्रती सर्वाधिक आणि शेवटच्या एलच्या सर्वांत कमी निघतात. जीनोमला लपेटणारे एन प्रथिन भरपूर लागते आणि विकर असलेले एल थोडेच पुरते, असा हा हिशेब आहे.

यानंतर रचना पाहावी. प्रथिनांचे कवच मुख्यतः दोन तऱ्हांनी रचले जाते. एक तऱ्हा मळसूत्री असून तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणारा विषाणू हे तिचे उत्तम उदाहरण: सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड, सुमारे २,१३० सारखी प्रथिने आणि प्रत्येक प्रथिनामागे तीन न्यूक्लिओटाइड, गुणाकार केला की जीनोमची लांबी जवळजवळ ६,४०० भरते. दुसरी तऱ्हा वीस पृष्ठांच्या घनाकृतीची आहे. तिच्यासाठी पोलो ग्राउंडवर मुलांच्या पायांत असणारा काळा-पांढरा फुटबॉल हातात घेऊन ठिगळे मोजावीत. पंचकोनी १२ आणि षट्कोनी २० भरतात. कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या हिशेबात पाच प्रथिनांचे पंचकोनी गट नेहमी १२च राहतात, आणि कवच मोठे होते ते सहा प्रथिनांचे षट्कोनी गट वाढून. फुटबॉलइतकी ठिगळे असलेल्या कवचात १२ गुणिले ५ आणि २० गुणिले ६, म्हणजे एकूण १८० प्रथिने बसतात. देवीचा विषाणू या दोन्ही तऱ्हांत बसत नाही. त्यापुढे ‘संमिश्र’ एवढेच लिहावे.

बाह्य आवरण आहे की नाही, हा प्रश्न लहान पण उपयोगाचा आहे. हे मेदयुक्त आवरण यजमान पेशीच्या पटलातून घेतलेले असते आणि साबणाने विस्कटते. आवरण नसलेला पोलिओ किंवा नोरोव्हायरस मात्र अल्कोहोललाही सहज दाद देत नाही. चांदीपुरात मळसूत्री गाभा आणि त्यावर आवरण आहे, आणि संपूर्ण कण बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो.

शेवटी नाव लावावे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीच्या पद्धतीत शेवटच्या अक्षरांवरून पायरी ओळखता येते: क्षेत्राला ‘व्हिरिया’, गणाला ‘व्हिरालिस’, कुळाला ‘व्हिरिडी’, प्रजातीला (इंग्रजीत जीनस) ‘व्हायरस’. २०२१ पासून जातीचे (इंग्रजीत स्पीशीज) नाव द्विपद, म्हणजे दोन शब्दांचे असावे असे ठरले. त्याप्रमाणे आपल्या कागदावर क्षेत्र रायबोव्हिरिया, गण मोनोनेगाव्हिरालिस, कूळ रॅब्डोव्हिरिडी, प्रजाती व्हेसिक्युलोव्हायरस आणि जाती व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा असे उतरेल. ही उतरंड वंशसंबंधावर बेतलेली असल्यामुळे ती बाल्टिमोरच्या गटांशी जुळवण्याचा खटाटोप करू नये. डीएनए बाळगणारा हिपॅटायटिस बी आणि आरएनए बाळगणारा एचआयव्ही बाल्टिमोरच्या दोन वेगळ्या गटांत असूनही या उतरंडीत एकाच वर्गात, रायबोव्हिरियाखालीच येतात, कारण दोघांचे उलट नक्कल करणारे, म्हणजे आरएनएवरून डीएनए उतरवणारे विकर नात्यातले आहे.

रीत नीट बसली का हे पाहण्यासाठी शेजारी रेबीजचा कागद भरावा. सलग ऋण आरएनए, तीच पाच जनुके त्याच क्रमाने, तसाच गोळीसारखा आवरणयुक्त कण. एक विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून येतो आणि दुसरा बहुधा कुत्र्याच्या, तरी दोन्ही कागद कुळापर्यंत ओळीला ओळ जुळतील आणि प्रजातीच्या ओळीवर वेगळे होतील. रेबीजच्या कागदावर तेथे लिसाव्हायरस असे लिहावे.