जपानी कंपनीकडून होकार कसा मिळवावा

जपानी पार्टनरबरोबर काम सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो व्हिजिटिंग कार्डाचा. दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या, लगेच खिशात कोंबू नका. बरोबर आहे, पण ते शिकायला पाच मिनिटं पुरतात आणि चुकलं तरी परदेशी माणूस म्हणून सांभाळून घेतात. कार्ड नीट दिलं म्हणून कुणाचा प्रस्ताव मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. भोसरीतल्या एका प्रेस-पार्ट बनवणाऱ्या कारखान्यातर्फे मी गेली १४ वर्षं जपानी गिऱ्हाइकांशी बोलतोय. प्रस्ताव अडतात ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी कॅलेंडर बघा. बहुतेक जपानी कंपन्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि त्याच सुमारास बदल्याही होतात. मार्चमध्ये तुमचं ऐकून घेणारा माणूस एप्रिलमध्ये दुसऱ्या खात्यात असू शकतो. एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन (पूर्वजांचा सण) आणि वर्षअखेर, या सुट्ट्यांच्या दिवसांत काही पाठवू नका. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे: आपले दुपारचे अडीच म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा.

मग माणसं. तांतोशा म्हणजे प्रत्यक्ष तुमची फाइल हाताळणारा, त्याच्यावर काकारिचो (गटप्रमुख), काचो (विभागप्रमुख), बुचो (खातेप्रमुख) अशी चढण. कोण कुठे बसतो ते कागदावर काढा. नावानंतर आपल्या ‘जी’सारखं ‘सान’ लावा, स्वतःच्या नावानंतर मात्र नाही.

आता खरं काम: नेमावाशी. हा शब्द माळीकामातला. मोठं झाड हलवायचं असेल तर कित्येक महिने आधी बुंध्याभोवती खणून जाड मुळं तोडतात, जवळ नवी बारीक मुळं फुटू देतात, आणि मगच झाड उचलतात. ऑफिसात याचा अर्थ: मीटिंगला बसणाऱ्या प्रत्येकाशी मीटिंगआधीच बोलणं झालेलं असणं. आपल्याकडे याद्या करायच्या बैठकीत ‘मुलगी पसंत आहे का?’ असं कुणी विचारत नाही. तसंच हे. मीटिंग ठरवायला नसते, ठरलेलं उघड बोलून दाखवायला असते.

मी हे तोंड पोळून शिकलो. आम्हाला प्लेटिंगचा, म्हणजे पार्टवर धातूचा मुलामा चढवून देणारा, व्हेंडर बदलायचा होता. जपानी गिऱ्हाइकाच्या पार्टमध्ये माणूस, मशीन, माल किंवा पद्धत यांतलं काहीही बदलायचं तर आधी त्यांची मंजुरी लागते. बुचो पुण्यात आले होते, जेवताना मी विषय काढला, ते म्हणाले, ‘ई देसु ने’ – छान आहे. झालं! मी हवेत. सुरेख २८ स्लाइड बनवल्या आणि थेट मीटिंग मागितली. समोर अकरा जणं. क्वालिटीच्या काचोंनी दातांतून ‘स्सऽऽ’ करत श्वास आत ओढला आणि म्हणाले, ‘मुझुकाशी देसु ने.’ अवघड आहे. मग सगळे गप्प. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘केंतो शिमास’, विचार करतो. मी मिनिट्समध्ये ‘तत्त्वतः मान्य’ असं लिहून मोकळा झालो. पुढचे चार महिने काहीही नाही.

टेबलाच्या टोकाला आमचा तांतोशा बसला होता, मान खाली घालून. आपला सप्लायर काय करायला निघालाय हे याला ठाऊकच नाही, असं मी त्याच्या साहेबांसमोर दाखवून दिलं होतं. चूक स्लाइडमध्ये नव्हती.

तेव्हा सुरुवात तांतोशापासूनच करा, बुचो कितीही ओळखीचे असोत. ‘प्रस्ताव’ हा शब्दही काढू नका; सोदान, म्हणजे सल्ला हवाय, असं म्हणा. आणि कागद अधुरा पाठवा. ‘पूर्ण तयारीनिशी जा, इंप्रेशन पाडा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. गुळगुळीत तयार प्रस्तावात त्यांना हात घालायला जागाच राहत नाही, आणि ज्यात आपला हात नाही त्याची जबाबदारी तिथे कुणी घेत नाही. मग सरळ विचारा: हे कोणाकोणाला दाखवावं लागेल? तो तीन-चार खाती सांगेल. दुसऱ्या खेपेला क्वालिटीला सॉल्ट स्प्रे टेस्टचे (मिठाच्या फवाऱ्यात गंज किती धरतो त्याचे) आकडे हवे होते, खरेदीला दराची फोड, आणि प्रॉडक्शन कंट्रोलला एकच काळजी: बदलाच्या काळात किती दिवसांचा जादा साठा ठेवणार? मी २८ स्लाइडमध्ये साठ्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर द्या, प्रश्न क्षुल्लक वाटला तरी.

शब्दांचा अर्थ आपल्या सोयीने लावू नका. ‘हाय’ म्हणजे शब्दशः ‘हो’, पण बहुतेक वेळा नुसतं ‘ऐकतोय’. ‘मुझुकाशी’ म्हणजे नाही. ‘केंतो शिमास’ ऐकलं तर समजा, कुणाचं तरी समाधान व्हायचंय, आणि ते कोण हे नंतर तांतोशालाच विचारा. गप्पपणा भरून काढायला तर अजिबात जाऊ नका. त्या शांततेला घाबरून मी एकदा, कुणी मागितली नसताना, दोन टक्के सूट देऊन बसलोय. दुभाषी घेतलात तर मीटिंगनंतर त्याच्याबरोबर चहा घ्या. काय बोललं गेलं नाही, ते तोच सांगेल.

मीटिंग. इतकं झालं असेल तर वीस मिनिटांत संपते. नवीन मुद्दा काढू नका.

नंतर रिंगीशो फिरतो. हा अंतर्गत मंजुरीचा कागद. तो तांतोशाने लिहायचा आणि खालून वर एकेकाने शिक्का मारायचा. लहान, गोल, लाल शिक्के. काही ठिकाणी, विशेषतः बँकांत, कनिष्ठ माणूस आपला शिक्का मुद्दाम डावीकडे कलता मारतो, साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा. आता बऱ्याच ठिकाणी हे कॉम्प्युटरवर चालतं, क्रम मात्र तोच. तांतोशाला लागणारी उत्तरं एका ए-थ्री कागदावर आयती द्या: आताच का, दुसरे पर्याय कोणते पाहिले, बिघडलं तर काय. कागद अडकला तर वरच्याला फोन करू नका. ती एकच चूक मागचं सगळं पुसून टाकते.

या काळात काही वाईट घडलं तर त्याच दिवशी कळवा, कारण सापडायची वाट बघू नका. होकोकु, रेनराकु, सोदान – अहवाल, निरोप, सल्ला – यांची आद्याक्षरं मिळून तिथे ‘होरेन्सो’ म्हणतात. होरेन्सो म्हणजे पालक, भाजीतला. नव्या नोकरदाराला पहिल्यांदा हेच शिकवतात.

होकार आला की धावा. शेवटचा शिक्का पडेपर्यंत त्यांच्या प्रत्येक खात्याने आपलं काम मनात आखून ठेवलेलं असतं, त्यामुळे वेग एकदम बदलतो. म्हणून वाट बघतानाच माल आणि माणसं जुळवून ठेवा. आम्हाला मंगळवारी होकाराची मेल आली, तिच्यातच ट्रायल लॉटची तारीख होती: पुढचा सोमवार. आमच्याकडे तेव्हा क्रेटसुद्धा आलेले नव्हते.