निकालाआधीच दाखले काढा
कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा बारावीला असेल, तर निकालाची वाट बघू नका. दिवाळीच्या सुट्टीतच जात पडताळणीच्या, म्हणजे राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला तपासून घेण्याच्या, कागदांना लागा. सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे जुने दाखले लागतात, आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-भुदरगड तालुक्यांकडच्या गावी हेलपाटे पडतात. एकटी आई रोजगार बुडवून किती फिरणार? एक दिवस तुम्ही सोबत जा. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतर नवा काढा. शिष्यवृत्तीसाठी बँक खातं आधारला जोडलेलं हवं. राहायची अडचण असेल तर बोर्डिंगांत आधीच चौकशी करा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, ते अशाच पोरांसाठी.