राजधानीशेजारच्या तंत्रज्ञान-पट्ट्याची वाढ कशी अभ्यासावी

अमेरिकेत वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनियात टायसन्स, रेस्टन, हर्नडन आणि अ‍ॅशबर्न असा तंत्रज्ञान-उद्योगांचा पट्टा लागतो. त्याचा अभ्यास करू पाहणारे बहुतेक जण कंपन्यांच्या यादीपासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. कंपन्या विकल्या जातात, त्यांची नावे बदलतात. ग्राहक, म्हणजे संघराज्य सरकार, मात्र जागचा हलत नाही.

म्हणून प्रथम एक साधा नकाशा घ्यावा आणि त्यावर सरकारी इमारती व रस्ते त्यांच्या वर्षांसह मांडावेत. पेंटॅगॉन १९४३ मध्ये पूर्ण झाले, सीआयएचे मुख्यालय १९६१ च्या सुमारास लँगलीला आले, डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला आणि राजधानीभोवतीचा बेल्टवे हा वर्तुळाकार महामार्ग १९६४ मध्ये पूर्ण झाला. विमानतळाचा रस्ता आणि बेल्टवे जिथे जवळ येतात, तिथेच टायसन्स आहे. नकाशावर हे एकदा पाहिले की कार्यालये तिथे का दाटली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर कंत्राटांकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. सरकारी खर्चाची माहिती देणाऱ्या ‘यूएसए स्पेंडिंग’ या अधिकृत संकेतस्थळावर एकच कंत्राट उघडून त्यातील प्रत्येक रकाना वाचावा. कंत्राटदाराचा पत्ता आणि प्रत्यक्ष काम होण्याचे ठिकाण हे दोन वेगळे रकाने असतात. मुख्यालय हर्नडनला असूनही काम दुसऱ्याच राज्यात चालू असू शकते. तसेच आजवर बांधील झालेली, म्हणजे सरकारने देण्याचे पक्के केलेली रक्कम आणि कंत्राटाची कमाल संभाव्य रक्कम यांत मोठे अंतर असू शकते, त्यामुळे बेरीज करताना नेहमी पहिलीच धरावी. गुप्तचर संस्थांची गोपनीय कंत्राटे या नोंदींत नसतात, हेही लक्षात असू द्यावे. या भागात ती उणीव किरकोळ नाही.

सरकारी पैशातून सुरू झालेले काम खासगी बाजारात कसे उतरले, याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेने १९६९ मध्ये अर्पानेट उभारले. पुढे यूयूनेट आणि पीएसआयनेट या इंटरनेट सेवा देणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्या याच परिसरात वाढल्या आणि १९९२ मध्ये ‘मे-ईस्ट’ हे वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जाळी एकमेकांना जोडणारे केंद्र इथे सुरू झाले, ज्याची यंत्रणा टायसन्समधील एका पार्किंगच्या बंदिस्त कोपऱ्यात होती. डेटा सेंटर चालवणाऱ्या इक्विनिक्स कंपनीने १९९९ मध्ये अ‍ॅशबर्नला केंद्र उघडले आणि लाउडन काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) डेटा सेंटरांची रांग तिथून वाढत गेली. केबल जिथे एकत्र येतात तिथे पुढची केबल येते, एवढे सूत्र इथे पुरते.

शेवटी सरकारी खर्च आटलेली किंवा कार्यालये हललेली वर्षे तपासावीत. २००५ मध्ये ठरलेल्या लष्करी पुनर्रचनेमुळे आर्लिंग्टनच्या क्रिस्टल सिटीतील भाड्याची अनेक कार्यालये रिकामी झाली, आणि २०१३ मध्ये संघराज्य खर्चात सरसकट कपात झाली. श्रम खात्याच्या तिमाही रोजगार आकडेवारीत सरकारी आणि खासगी नोकऱ्या वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्या आर्लिंग्टन, फेअरफॅक्स आणि लाउडन या तिन्ही काउंट्यांसाठी शेजारी-शेजारी मांडाव्यात आणि २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी हाच क्रिस्टल सिटीचा परिसर निवडला, तिथपर्यंत न्याव्यात.