फ्रिज समतोल कसा बसवावा

नागपुरात बऱ्याच स्वयंपाकघरांच्या फरशीला मोरीकडे उतार असतो. फ्रिज त्या उतारावर आला की दार आपोआप लागत नाही, बारीक फट राहते. मे महिन्यात ही फट फार नडते. कूलरची दमट हवा आत शिरून फ्रीजरमध्ये बर्फ साचतो, आणि बाहेर ४५ अंश असताना कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

आधी प्लग काढा, बाटल्या आणि भांडी बाहेर ठेवा. फ्रिजचे वरचे कोपरे एकेक करून दाबा. डुगडुगला तर एखादा पाय अधांतरी आहे.

आता गवंड्याची पाणसळ फ्रिजच्या माथ्यावर आडवी ठेवा. बुडबुडा मधोमध हवा, इथे तडजोड नको. मग पाणसळ मागून पुढे अशी धरा. या दिशेने मात्र समोरची बाजू पाच-सहा मिलिमीटर उंच ठेवायची, म्हणजे दार स्वतःच्या वजनाने लागते. पाणसळ नसेल तर मोबाइलवरचे लेव्हल अॅप चालेल. पुढे-मागे साधारण अर्धा अंश दिसला पाहिजे. याहून जास्त कलवू नका, मागच्या ट्रेमधले पाणी सांडते.

समोरचे दोन्ही पाय आट्यांचे असतात. एकाने फ्रिज किंचित मागे रेलून धरावा, दुसऱ्याने पाय हाताने किंवा पान्याने फिरवावा. पाय जितका बाहेर येईल तितका तो कोपरा उचलला जातो. एका वेळी अर्धाच फेरा द्या आणि पुन्हा पाणसळ बघा. मागची बाजू याहून जास्त खाली असेल तर तिथे कडक रबराचा तुकडा द्या. पुठ्ठ्याची घडी नको; फरशी पुसताना ती भिजते, दबते आणि आठवड्याभरात पुन्हा सगळे जैसे थे.

चाकांचा प्लास्टिक स्टँड असेल तर आधी तोच समतोल करा आणि चाकांचे लॉक लावा. चारही पाय स्टँडच्या खाचांत नीट बसलेत ना, तेही बघा.

शेवटची तपासणी दारात बाटल्या भरूनच करा. एक लिटरच्या पाच बाटल्या म्हणजे पाच किलोंहून जास्त वजन, आणि रिकाम्या दाराने घेतलेले माप त्या वजनाने हलते. दार अर्धवट उघडून सोडा, ते हळूच लागले पाहिजे. मग दारात कागद अडकवून चारही बाजूंनी ओढून बघा. कुठे सहज निघाला तर तिथला गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेचा रबरी पट्टा, कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. कित्येकदा नुसत्या चिकट मळानेच तो नीट टेकत नाही.