इअरविगचं कूळ ठरवताना या चुका टाळा

पाऊस लागला की गोव्याच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) केळीच्या सोपटात किंवा माडाच्या झावळीच्या बेचक्यात काळा, शेपटीला चिमटा असलेला किडा, म्हणजे इअरविग, सापडतो. फोटो काढून लगेच ‘केलिसोकिडी’ असं कुळाचं (फॅमिलीचं) नाव लिहून मोकळं होणं, ही पहिली चूक. उष्ण प्रदेशातल्या या कुळात काळे इअरविग आहेत, पण काळा रंग त्यांचा एकट्यांचा नाही. मिशीतल्या पांढऱ्या वलयांचंही तेच. याच कुळातल्या केलिसोकिस मोरिओ या जातीच्या मिशीत ती असतात, तशीच दुसऱ्या कुळातल्या युबोरेलिया अ‍ॅन्युलिपिसच्याही. फरक पाठीवर आणि पायांवर: या युबोरेलियाला पंख नसतात, पायांवर गडद पट्टे असतात.

चिमट्यावरून कूळ ठरवू नका. एकाच जातीच्या नरांतही त्याची लांबी आणि दाते बदलतात.

कूळ ठरतं ते पावलावरून. इअरविगच्या पावलाला ३ खंड असतात. त्यातला दुसरा पाहायचा, किमान १० पट भिंगातून. हा खंड दोन्ही बाजूंना पसरून पत्त्यातल्या बदामासारखा झाला असेल, तर फॉर्फिक्युलिडी कूळ. तो अरुंदच राहून जिभेसारखा तिसऱ्या खंडाखाली सरकला असेल, तर केलिसोकिडी. साधा नळीसारखा असेल, तर या दोन्ही कुळांबाहेर शोधा. इथे बहुतेकजण फसतात ते फक्त वरून पाहिल्यामुळे. वरून तिसरा खंड ती जीभ झाकतो, पाऊल साधं दिसतं आणि किडा साध्या पावलाच्या स्पाँजिफोरिडी कुळात जाऊन पडतो. पाय आडवा करा, बाजूने पाहा, मग खालून. चिखल चिकटलेला असेल तर आधी अल्कोहोलात भिजवलेल्या मऊ कुंचल्याने पुसा. मातीचा कणही जिभेसारखा भासतो.

नर-मादी ओळखताना पोटाची वलयं मोजतात: प्रौढ नरात १० दिसतात, मादीत ८. पण पिल्लं नर असोत वा मादी, त्यांच्यात १०च दिसतात. त्यामुळे बिनपंखी जातीचं पिल्लू ‘नर’ म्हणून नोंदवलं जातं. चिमटा सरळ, बारीक आणि वलयं १०, तर पिल्लाची शंका घ्या.

जुन्या पुस्तकांशी ताडताना नावं जपून घ्या. इअरविगचे अभ्यासक माल्कम बर यांच्या ब्रिटिश इंडियातल्या इअरविगवरच्या १९१० च्या ग्रंथात लॅबिडी म्हणून जे कूळ येतं, त्याला आता स्पाँजिफोरिडी म्हणतात. तिथे डिप्लॅटिस हा गट पिजिडिक्रॅनिडी कुळात आहे. आता त्याचं डिप्लॅटिडी हे वेगळं कूळ मानतात.

नमुना ठेवायला ७० ते ८० टक्के अल्कोहोल. डीएनएसाठी ठेवायचा तर ९५ टक्के. घरातली फेणी चालत नाही, ती साधारण ४२ टक्क्यांची, त्यात किडा मऊ पडून सडतो. फॉर्मेलिनने सांधे कडक होतात, मग पाय वळवताना पाऊल तुटतं आणि नेमकी खूण जाते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका: गाव, तालुका, तारीख, कशात सापडला. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. म्हादई किंवा खोतीगावच्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका.