टूलबारवरचं मॅक्रोचं बटण दुसऱ्या एक्सेल फाईलमध्ये चालत नव्हतं, ते कसं सुटलं

लक्षण असं: मॅक्रो (एकदा रेकॉर्ड करून बटणाने पुन्हा चालवता येणारी कामाची पावलं) ज्या फाईलमध्ये रेकॉर्ड केला तिथे बटण नीट चालायचं. दुसऱ्या फाईलमध्ये दाबलं की जुनी फाईल आपोआप उघडायची, आणि ती हलवली असेल तर 'मॅक्रो चालवता येत नाही' असा संदेश. शिवाय कर्सर कुठेही असो, फॉरमॅटिंग त्याच ठराविक सेलमध्ये.

मॅक्रो सिक्युरिटी बदलून पाहिली, बटण काढून पुन्हा लावलं, फरक शून्य. वैताग आला होता.

शेवटी हा क्रम लागू पडला. आधी सुरुवातीचा सेल निवडा. व्ह्यू टॅबमध्ये मॅक्रोजखालच्या बाणावरून 'यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस' चालू करा, म्हणजे मॅक्रो ठराविक सेलऐवजी कर्सर असेल तिथून चालतो. मग 'रेकॉर्ड मॅक्रो'. इथे 'स्टोअर मॅक्रो इन'मध्ये 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' निवडा, कारण ही लपलेली फाईल एक्सेलसोबत दरवेळी उघडते. खरी मेख इथेच आहे. काम करून दाखवा, 'स्टॉप रेकॉर्डिंग' करा.

आता फाईल, ऑप्शन्स, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. वरच्या यादीत 'मॅक्रोज' निवडा. जुनं बटण काढा, 'पर्सनल.एक्सएलएसबी'ने सुरू होणारं नाव अ‍ॅड करा, 'मॉडिफाय'मधून चिन्ह द्या, ओके.

एक्सेल बंद करताना पर्सनल मॅक्रो वर्कबुक सेव्ह करायचं का विचारेल. 'सेव्ह'च दाबा, नाहीतर मॅक्रो जातो. बटण टूलबारवर पहिलं असेल तर ऑल्ट आणि १ दाबूनही चालतं. मॅक्रोने केलेला बदल अनडूने मागे येत नाही, म्हणून नवा मॅक्रो आधी फाईलच्या प्रतीवर चालवा.